पाथरीचे दोन मुलगे

परभणीहून पाथरीला जायला फार तर तासभर लागतो. मानवतपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस दिसतो. मानवत मागे पडलं की ऊस वाढत जातो आणि हिवाळ्याच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे आपली गाडी अडकते ती अडकतेच. हा ऊस इथला जुना रहिवासी नाही. पैठणला गोदावरीवर जायकवाडी धरण झालं आणि त्याचा डावा कालवा जालना जिल्ह्यातून पाथरी-मानवतकडे आला. त्यानंतरचं हे पीक. माझ्या अम्मीच्या लहानपणी या शिवारात ज्वारी, तूर आणि कापूस एवढंच असायचं आणि ताटात भाकरी.

खालाजानच्या नातवाचा अकीका होता, म्हणून आम्ही निघालो होतो. मागच्या सीटवर माझी मुलगी, सातवीतली, गप्प बसून होती. मानवत ओलांडल्यावर तिने विचारलं, "अम्मी, आपण मूळचे कुठले?"

मी म्हटलं, "परभणीचे. तुझे नाना पाथरीचे."

"तसं नाही. त्याच्या आधी."

मग हळूहळू कळलं. वर्गात मुघलांचा पाठ झाला होता. बाकावरच्या मैत्रिणीने सहज विचारलं होतं, तुमचे लोक तेव्हाच आले का? त्या पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं. डबा दोघी एकत्र खातात. पण प्रश्न मुलीच्या घशात अडकून बसला होता. आपल्यापैकी कोणाच्या घरात हा प्रश्न आला नसेल? मला विचारला गेला होता, माझ्या अब्बांनाही. अब्बा हसून म्हणायचे, "हमारेकू आनाच कां था? हम तो इधरच थे."

पाथरी जवळ आली होती. मी तिला म्हटलं, या गावाचीच एक गोष्ट सांगते. ती इथे वाचकांसाठी जरा सविस्तर लिहिते आहे, कारण घरी परतल्यावर पुस्तकं काढून मलाही ती पुन्हा नीट लावून घ्यावी लागली.

पाथरीत आज कोणी नवखा उतरला की त्याला पहिल्यांदा साईबाबांचं मंदिर दाखवतात. शिर्डीच्या साईबाबांचा जन्म इथे झाला, असं गावकरी मानतात. वि. बा. खेर नावाच्या अभ्यासकांनी 1975च्या सुमारास इथे येऊन चौकशी केली, जुन्या घराण्यांची माहिती गोळा केली आणि बाबा इथल्या भुसारी या ब्राह्मण कुटुंबातले असावेत असा निष्कर्ष काढला. आधार होता तो बाबांचे जवळचे भक्त म्हाळसापती यांच्याकडून आलेल्या आठवणीचा : आपण पाथरीचे ब्राह्मण, लहानपणी आपल्याला एका फकिराच्या हवाली केलं गेलं, असं बाबा एकदा बोलून गेले. त्या घराच्या जागेवर मंदिर उभं राहिलं आणि 1999 मध्ये ते खुलं झालं.

जानेवारी 2020 मध्ये मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये देण्याची घोषणा केली आणि शिर्डीकर खवळले. 19 जानेवारीला त्यांनी शिर्डी बंद ठेवली. बाबांनी स्वतः कधी जात, धर्म, गाव सांगितलं नाही, मग तुम्ही कोण सांगणारे, हा त्यांचा सवाल. पाथरीकरांचं म्हणणं, आम्ही नवीन काही बोलत नाही. आठ-दहा दिवस टीव्हीवर पाथरी, पाथरी चाललं होतं. एरवी या गावाचं नाव बातम्यांत पाण्याच्या पाळीसाठी नाही तर उसाच्या भावासाठी येतं.

या वादात आपण पडायचं कारण नाही. साईबाबा मशिदीत राहिले, तिला त्यांनी द्वारकामाई म्हटलं, ओठांवर "अल्लाह मालिक" असायचं आणि 15 ऑक्टोबर 1918 रोजी दसऱ्याच्या दिवशी ते गेले, एवढं सगळ्यांना मान्य आहे. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पाथरीच्या ब्राह्मण घरातलं लहान मूल, ते मुसलमानांच्या हाती जातं, त्यांच्यात वाढतं आणि पुढे त्याचं नाव दूरवर पोचतं, ही कथा या गावाबद्दल त्याआधी चारशे वर्षांपूर्वीही घडलेली आहे. ती टीव्हीवर कधी आली नाही. तिच्यासाठी कोणी गाव बंद ठेवलं नाही.

बहमनी सुलतान अहमदशाह याचा काळ म्हणजे 1422 ते 1436. यानेच राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली. त्याच्या फौजेने विजयनगरच्या मुलखावर स्वारी केली आणि परतताना जे कैदी आणले, त्यात एक ब्राह्मणाचा मुलगा होता. नाव तिमाप्पा, काही ठिकाणी तिमाभट, बापाचं नाव भैरव. हे कुटुंब मूळचं पाथरीचं, इथलं कुलकर्णीपण त्यांच्याकडे होतं. काही कारणाने ते विजयनगरकडे जाऊन राहिले होते. बिदरला मुलाला मुसलमान करण्यात आलं आणि हसन हे नाव ठेवलं गेलं. पोरगा हुशार निघाला. त्याला शहजाद्याच्या सोबतीला ठेवलं, दोघं बरोबर फारसी-अरबी शिकले. शहजाद्याच्या बोबड्या तोंडाला "भैरव" म्हणता येईना, तो "बहरी" म्हणायचा, म्हणून हसनचं नाव मलिक हसन बहरी पडलं. बहरी म्हणजे ससाणा, शिकारी ससाण्यांची देखरेख त्याच्याकडे होती म्हणून हे नाव, असंही एक मत आहे. मला पहिली हकिकत खरी वाटावीशी वाटते. नव्या नावात बापाचं नाव लपून राहिलं, तेही एका लेकराच्या बोबड्या बोलामुळे.

ही हकिकत फिरिश्ताची. मुहम्मद कासिम फिरिश्ता लहानपणी इराणातून अहमदनगरला आला, पुढे विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाच्या दरबारी राहिला आणि तिथे त्याने हिंदुस्थानचा मोठा इतिहास फारसीत लिहिला. दख्खनच्या सुलतानांबद्दल आपण जे जाणतो, त्यातलं पुष्कळसं त्याच्या लेखणीतून आलेलं आहे.

तिमाप्पाचा मलिक हसन झाला, तो बहमनी राज्याचा मलिक नायब, म्हणजे सुलतानाचा प्रतिनिधी झाला. हा माणूस काही निव्वळ साधुपुरुष नव्हता, हे मुलांना सांगताना लपवू नये. वजीर महमूद गवानविरुद्ध बनावट पत्राचा जो कट झाला आणि 1481 मध्ये त्या थोर वृद्धाचा शिरच्छेद झाला, त्या कटात मलिक हसनचं नाव घेतलं जातं. बिदरचा मदरसा ज्याने बांधला तो हा महमूद गवान. पाच वर्षांनी, 1486 मध्ये, मलिक हसनही बिदरमध्येच मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरकडे होता. त्याने बिदरचं वर्चस्व झुगारलं, 1490 मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला आणि निजामशाही सुरू झाली. भिंगारजवळ त्याने जे शहर वसवलं ते अहमदनगर. सरकारी कागदांत आता त्याचं नाव अहिल्यानगर आहे.

इथपर्यंत ऐकून मुलगी म्हणाली, "म्हणजे अहमदनगरचा सुलतान पाथरीच्या कुलकर्ण्यांचा नातू?"

फिरिश्ताप्रमाणे, होय. पण हे सगळ्यांनी मानलेलं नाही. निजामशाहीच्या पदरी असलेला सय्यद अली तबातबा हा इतिहासकार वेगळंच सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मलिक अहमद हा खुद्द बहमनी सुलतानाचाच मुलगा. दरबारी इतिहासकाराने धन्याला राजवंशात नेऊन बसवावं यात काही नवल नाही. पण मग पुढे जे घडलं त्याचा अर्थ लागत नाही.

घडलं ते असं. नगरच्या गादीवर मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह सातव्या वर्षी बसला. आपल्या घराण्यातला माणूस राजा झाला हे कळल्यावर विजयनगरकडचे ब्राह्मण नातेवाईक अहमदनगरला आले. त्यांनी सोनं-नाणं मागितलं नाही, पाथरीचं आपलं जुनं वतन मागितलं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. नगरहून इमादशाहाला पत्र गेलं, की पाथरी आम्हाला द्या, बदल्यात तिच्याहून जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. अलाउद्दीन इमादशाहाने नकार दिला आणि वर पाथरीची तटबंदी मजबूत करायला घेतली. 1518 मध्ये, हिजरी 924, नगरच्या फौजेने सहलीच्या निमित्ताने बाहेर पडून पाथरी घेतली. बुऱ्हाण तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. पुढे इमादशाहाने ती परत मिळवली. 1527 मध्ये बुऱ्हाणने पुन्हा जिंकली, किल्ला पाडून जमीनदोस्त केला आणि पाथरी आपल्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम देऊन टाकली. अकबराच्या काळापर्यंत ती त्यांच्याकडे राहिली, असं फिरिश्ता लिहितो.

आता विचार करा. जो बहमनी सुलतानांचा नातू आहे, तो एका कुलकर्णी-वतनासाठी जास्त उत्पन्नाचा परगणा का सोडायला निघेल? दोनदा लढाई का करेल? आणि जिंकलेलं गाव खजिन्यात न घालता ब्राह्मणांना का देईल? म्हणून मला फिरिश्ता पटतो.

गंमत म्हणजे समोरच्या इमादशाहीचीही कुळकथा हीच. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा विजयनगरकडून कैद होऊन आलेला हिंदू मुलगाच होता, वऱ्हाडात वाढला आणि एलिचपूरला गादी स्थापन करून बसला. म्हणजे पाथरीसाठी भांडणारी दोन्ही घराणी याच मातीतली, दोन्हीकडच्या पूर्वजांची बालपणं हिरावलेली.

लढाईला मी चांगलं म्हणत नाही. तट पडला तेव्हा त्याखाली गावातलीच माणसं गेली असतील. पण वतन देण्याची बाजू मला सिला-रहमीची वाटते. हजरत अबूबकर यांची मुलगी हजरत अस्मा यांच्या आई मुसलमान झालेल्या नव्हत्या. त्या भेटायला आल्या तेव्हा अस्मा यांनी प्यारे नबी (स.) यांना विचारलं, मी आईशी नातं ठेवू का? नबींनी हो म्हटलं. सहीह बुखारीत ही हदीस आहे. धर्म बदलला म्हणून रक्त तोडायचं नसतं, हे बुऱ्हाणच्या दरबारात कोणीतरी जाणत होतं. आणि उलट बाजूनेही पाहा. ते ब्राह्मण नातेवाईक मुसलमान सुलतानाच्या दारात "आपला" म्हणून आले, तेही लाजले नाहीत.

गाडीत एवढं सगळं काही मी सांगितलं नाही. मुलगी चाँदबिबीच्या नावावर येऊन थांबली. तलवार घेऊन तटावर उभी राहिलेली चाँदबिबी तिला चित्रातून ओळखीची. मी बोटांवर मोजून दाखवलं : तिमाप्पा म्हणजे मलिक हसन, त्याचा मुलगा अहमद, नातू बुऱ्हाण, पणतू हुसेन आणि हुसेनची मुलगी चाँदबिबी. तिमाप्पाची खापरपणती. पोरीने डोळे एवढे मोठे केले. 1595-96 च्या थंडीत मुघलांनी अहमदनगरला वेढा घातला, सुरुंगाने तट फोडला, तेव्हा चाँदबिबीने रात्रीत भगदाड भरून काढलं आणि शेवटी तहात वऱ्हाड देऊन शहर वाचवलं. या तहानंतर मुघलांनी पाथरीही ताब्यात घेतली. ती वऱ्हाडात मोडते की नाही, यावरून पुन्हा ठिणगी पडली. पुढच्याच वर्षी, 1597 मध्ये, पाथरीपासून काही कोसांवर आष्टीजवळ मोठी लढाई झाली. मुघलांचा सेनापती होता अब्दुर्रहीम खानखानान, शाळेच्या हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे असतात ते रहीम. एवढा मोठा माणूस आपल्या गोदाकाठी येऊन गेला, पण तलवार घेऊन.

पुढे पाथरी मुघलांची, मग आसफजाही निजामांची झाली. निजामाच्या राज्यात ती परभणी जिल्ह्याचा तालुका होती आणि सप्टेंबर 1948 पर्यंत कचेरीचे कागद उर्दूत चालत.

गाव आज कसं आहे? ओळखीचंच. कल्याणहून निघून अहिल्यानगर, माजलगाव करत परभणी-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 गावातून जातो. आजोबांचं गाव आणि नातवाची राजधानी एकाच डांबरी रस्त्यावर आहेत, हे मला नकाशा पाहताना अचानक कळलं. रेल्वे गावात नाही, त्यासाठी सेलू नाही तर मानवत रोड गाठायचं. दक्षिणेला थोड्या अंतरावर गोदावरी, ढालेगावचा बंधारा. गावात मुसलमानांची वस्ती मोठी आहे. सकाळी हॉटेलांत पोह्याच्या शेजारी खिचडी-खट्टा मिळतो. घरात दखनी, रस्त्यावर मराठी, कचेरीत सरकारी मराठी, मदरशात उर्दू. दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाषा बदलतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. गुरुवारी साईमंदिराकडे बाहेरगावच्या गाड्या येतात, शुक्रवारी जुम्याला रस्ता पांढऱ्या टोप्यांनी भरतो आणि हार-फुलं विकणारा दोन्ही दिवस खूश असतो.

खालाजानच्या घरी बगारा खाना आणि दालचा होता. जेवणं झाल्यावर मी खालूंना विचारलं, पाथरीचा किल्ला कुठे होता? ते हसले. "किला? मैं तो बचपन से इधर हूँ, मैंने देखा नक्को." मग आठवून म्हणाले, गावात पाया खणताना जुनी भिंत लागते कधीकधी, मोठाले दगड. घरं त्यावरच उभी आहेत.

निजामशाहीचं नाव घेतल्यावर मात्र ते आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यात घराचे कागद. वरचे मराठीतले सातबारे, त्याखाली उर्दूतले, त्याखाली दोन पिवळे कागद मोडीतले, ज्यांच्या घड्या उघडताना तुटत होत्या. आमच्यापैकी उर्दूतले खालूच वाचू शकले, तेही अडखळत. त्यांचा मुलगा मराठी माध्यमात शिकलेला, त्याला उर्दू फक्त बोलता येते. मोडी तर कोणालाच नाही. खालूंचे आजोबा गावच्या हिशोबाचं काम करायचे आणि मोडी लिहायचे, असं खालाजाननी सांगितलं. एका पेटीत तीन लिप्या आणि घरात प्रत्येकाला त्यातली एकच. मी खालूंना म्हटलं, हे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम धरतो, सुती कापडात ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या. मोडी वाचणारे आजही आहेत, शिकवणारे वर्गही भरतात. आपल्या मुलांपैकी एखाद्याने तरी ते शिकावं. वाचकांच्या घरांतही अशा पेट्या असतील. त्या भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहा.

संध्याकाळी मुलांना घेऊन साईमंदिराच्या गल्लीतून चालत आलो. खालाजान बरोबर होत्या. त्या दाराशी थांबल्या, आत गेल्या नाहीत, पण सावकाश म्हणाल्या, "फकीर आदमी थे. अल्लाह मालिक बोलते थे." मंदिराकडे जाणाऱ्या पाट्या मोठ्या आणि नव्या आहेत. मलिक हसनच्या नावाची पाटी मला गावात कुठे दिसली नाही. नगरपरिषदेने शाळेच्या भिंतीवर चार ओळी लिहिल्या तरी खूप होईल. शंभर कोटी लागणार नाहीत, रंगाचा एक डबा पुरेल.

परतताना अंधार पडला होता. मुलगी पुन्हा गप्प. मला वाटलं झोपली. मानवत जवळ आलं तेव्हा म्हणाली, "अम्मी, आता तिने विचारलं तर मी सांगते."

"काय सांगशील?"

"की चाँदबिबीचे खापरपणजोबा इथले कुलकर्णी होते. आणि आमचं माहीत नाही, आमचे कागद मोडीत आहेत."

मी हसले. थोड्या वेळाने तिने आणखी विचारलं, "आणि त्या तिमाप्पाची आई? सैनिकांनी त्याला नेलं तेव्हा ती कुठे होती? तिला नंतर कळलं का, तो मोठा झाला ते?"

फिरिश्ताने बापाचं नाव लिहिलं आहे, आईचं नाही. मी तिला तेच सांगितलं. समोर उसाचा ट्रॅक्टर होता, यांनी दोन वेळा हॉर्न वाजवला, पण त्याला बाजूला व्हायला जागाच नव्हती.